करंजाड्याचा ट्युलिप

पनवेलजवळच्या आमच्या करंजाड्यात वसंत ऋतू रविवारी रात्री साडेनऊला येतो. त्याआधी त्याला येता येत नाही, कारण नर्सरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहायची मुभा आहे आणि ॲडमिनबाईंना सवड तेव्हाच मिळते. यंदा तो आला तो असा : 'डिअर पेरेंट्स, टुमारो वी आर सेलिब्रेटिंग स्प्रिंग! काइंडली सेंड वन थ्री-डी ट्युलिप विथ ग्रीन स्ट्रॉ स्टेम. ड्रेस कोड यलो. ग्रँडपेरेंट्स आर वेलकम.' खाली एक सूर्य, एक ससा, दोन फुलपाखरं आणि जोडलेले हात.

माझी नात साडेतीन वर्षांची आहे. ती तेव्हा गाढ झोपली होती. नर्सरीच्या वसंताशी मुलांचा संबंध साधारण इथपर्यंतच असतो. पुढचं काम घरातल्या कमावत्या आणि निवृत्त माणसांचं.

"बाबा, तुमचं ड्रॉइंग चांगलं आहे ना?" सूनबाईंनी विचारलं. हा प्रश्न नव्हता, हा कार्यादेश होता. मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. धरणाच्या भिंती, कालव्यांचे काटछेद, सांडव्याचे दरवाजे, सगळं ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढण्यात हयात गेली. फूल मात्र कधी काढलं नाही. खात्याला फुलाची गरजच पडली नाही. म्हणून मी सवयीनं विचारलं, "स्केल काय? आणि प्लॅन हवाय की एलेव्हेशन?"

"ट्युलिप हवाय," सूनबाई म्हणाल्या.

आता ट्युलिप आमच्या घरात कुणी पाहिला होता? माझ्या पिढीनं तो पाहिला १९८१ साली, 'सिलसिला'मध्ये, आणि तेव्हाही लक्ष फुलांकडे नव्हतं. "मला माहीत आहे कुणाकडे होतं," आमची सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली. श्रीनगरला दल सरोवराजवळ २००७पासून ट्युलिपची मोठी बाग आहे आणि चिरंजीवांचे एक सहकारी तिथे सहकुटुंब जाऊनही आले आहेत, पण त्यांनी पाठवलेल्या प्रत्येक फोटोत सहकारीच इतके भरगच्च होते, की बागेला जागा उरली नव्हती.

मी स्टेशनरीच्या दुकानाकडे धावलो. शटर अर्धं खाली होतं, आणि त्या अर्ध्या शटरखालून वाकून आत गेलेले निदान सहा बाप आधीच तिथे उभे होते. करंजाड्यातला स्टेशनरीवाला हा इथला खरा शिक्षणाधिकारी. अभ्यासक्रम शाळेला नंतर कळतो, त्याला आधी. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "कुठली शाळा, काका? आर-तीन सेक्टरमधली? मग तुमचं ट्युलिप. मागच्या सेक्टरवाल्यांचं सनफ्लॉवर आहे, पण ते बुधवारी." क्रेप पेपर, कार्डशीट, फेव्हिकॉल, ग्लिटर हे त्यानं न विचारता काउंटरवर मांडलं. अडलं ते स्ट्रॉवर. प्लास्टिकचा स्ट्रॉ १ जुलै २०२२पासून देशभर बंद आहे. कागदाचा मिळतो, पण तो पांढरा. थोडक्यात, फुलाचा देठ हिरवा असावा ही शाळेची अट पाळायची तर केंद्र सरकारची मोडावी लागत होती. बुडाला थर्माकोल घ्यावा म्हटलं, तर महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ सालीच बंदी आली. "आतून देऊ का?" त्यानं इतक्या हळू आवाजात विचारलं, की शेजारचे दोन बाप आदरानं बाजूला सरकले. आयुष्यभर सरकारी नोकरी केलेला माणूस मी. पांढरा स्ट्रॉ आणि हिरव्या पोस्टर कलरची बाटली घेऊन कायद्याच्या बाजूनं घरी आलो.

मग हॉलमध्ये जुनी वर्तमानपत्रं पसरली. ट्युलिपला सहा पाकळ्या, तीन आत, तीन बाहेर, एवढं मोबाइलवर पाहून मी त्याचा उभा छेद काढला आणि मापं टाकली. चिरंजीव साइट इंजिनिअर आहेत. त्यांनी चष्मा लावून छेद पाहिला आणि म्हणाले, "वर लोड फार आहे. हा कॉलम बकल होणार. फाउंडेशन वाढवा." फाउंडेशन वाढवलं. सूनबाईंचं म्हणणं, रंग गुलाबी हवा. सौ.चं म्हणणं, देवाला वाहायचं नाही तर कुठलाही चालेल. साडेअकराच्या सुमाराला ग्लू गनचा एक थेंब माझ्या अंगठ्यावर पडला, आणि त्या क्षणी मला प्रशियाचं सरकार आठवलं.

आठवायला कारण आहे. मुलांना हातानं काही करायला द्यावं हे खूळ पद्धतशीरपणे सुरू केलं ते जर्मनीतल्या फ्रिड्रिख फ्रोबेलनं. १८३७ साली त्यानं ब्लांकेनबुर्ग गावी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला किंडरगार्टन असं नाव दिलं. आपल्या गल्लोगल्लीच्या के.जी. त्यातूनच आल्या. कागदाच्या घड्या, कागदी पट्ट्यांचं विणकाम, आणि माझ्या विशेष आवडीचा उद्योग म्हणजे भिजवलेले वाटाणे सांध्याला लावून काड्यांचे मनोरे उभारणं. (हे मी सौ.ला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आणि उसळ कधी करायचे ते लोक?") तर १८५१ साली प्रशियाच्या सरकारनं या बालवाड्यांवर चक्क बंदी घातली. त्यांतून नास्तिकपणा पसरतो असा संशय होता. ही बंदी पुढं जवळजवळ दहा वर्षं टिकली. अंगठा नळाखाली धरून उभा असताना त्या सरकारचीही काही बाजू असावी असं वाटून गेलं. पण मुळात फ्रोबेलनं वाटाणे दिले होते मुलांच्या हातात. आजोबांच्या नव्हे. ही सुधारणा पुढे कुणी केली त्याचं नाव इतिहासात सापडत नाही.

सोमवारी ट्युलिप, नात आणि मी असे तिघे शाळेत गेलो. रिक्षात ट्युलिपला खिडकीची जागा दिली.

शाळा एका इमारतीच्या तळमजल्यावर, दोन गाळे एकत्र करून थाटलेली. आत शिरलो तर डोळे दिपले. सगळा वर्ग पिवळाधमक. फक्त एक मुलगा हिरव्यात. त्याच्या घरी निरोप पोचलाच नव्हता. पण वर्गातलं एकमेव पान म्हणून त्या दिवशी त्याला इतका भाव मिळाला, की दुपारी दोन पिवळ्या मुली आपल्यालाही हिरवं हवं म्हणून रडल्या. आजी-आजोबांसाठी मुलांच्याच खुर्च्या मांडल्या होत्या. त्या साधारण वीतभर उंच. बसणं जमलं. उठायचं कसं याचा विचार आम्ही सगळ्यांनीच पुढे ढकलला.

मिसनी मुलांना एकेक वर्कशीट दिलं. वर 'स्प्रिंग इज हिअर', खाली रंगवायला एक ससा, टोपलीभर नक्षीदार अंडी, एक छत्री, गमबूट आणि अर्थात ट्युलिप. बाहेर पस्तीस अंश तापमान. पंख्याखाली घामाघूम झालेल्या एका मुलानं छत्रीवर बोट ठेवून विचारलं, "मिस, पाऊस कुठाय?"

"हा फॉरेनचा पाऊस आहे, बेटा."

"ससा अंडं देतो?" दुसरीनं विचारलं.

"नाही. कोंबडी देते."

"मग कोंबडी कुठाय?"

मिस क्षणभर त्या कागदाकडे बघत राहिल्या. माझ्या शेजारी बसलेल्या आजी मूळच्या नवी मुंबई विमानतळाखाली गेलेल्या दहा गावांपैकी एका गावच्या. आता पुनर्वसनात मिळालेल्या प्लॉटवर तीन मजली घरात राहतात. त्यांनी वर्कशीट हातात घेऊन लांब धरलं, जवळ धरलं आणि निकाल दिला, "आमचे गावान असला फुल कवा बगला नाय."

यात मिसचा दोष नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. पंचविशीतली मुलगी, पनवेलहून येते, बालशिक्षणाचा रीतसर कोर्स केलेला. "आजोबा, शीट्सचा सेट बाहेरूनच छापून येतो," ती हळूच म्हणाली. "आणि फाइल जाड झाली नाही, तर पीटीएमला पालक विचारतात, वर्षभर केलंत काय?" खरं आहे. माझ्या चिरंजीवांनी गेल्या पीटीएमहून आल्यावर फाइल उघडलीही नव्हती, पण हातावर तोलून "बऱ्यापैकी आहे" असं म्हटलं होतं.

शिवाय पंचांगाचीही एक अडचण आहे. आपला वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. नर्सरीचं वर्ष आटपतं मार्चमध्ये. चैत्र पालवी खऱ्या अर्थानं फुटते तेव्हा मुलं आजोळी, मिस बी.एड.च्या फॉर्मच्या रांगेत आणि वर्गाला कुलूप. त्यामुळे शिशिराची पानं गळत असतानाच वसंत उरकून घ्यावा लागतो. मग तो इथला असला काय आणि हॉलंडचा असला काय!

पण त्या मुलीत धमक होती. तिनं शीट्स गोळा केली, टेबलावर ठेवली, वर डस्टर ठेवलं आणि म्हणाली, "चला, आपण बाहेर जाऊन स्प्रिंग शोधू या." दोरीला गाठी मारलेल्या होत्या. एका गाठीला एक मूल अशी ती पिवळी माळ बाहेर पडली. मागून आम्ही, एकमेकांना हात देऊन खुर्च्यांतून सोडवत.

करंजाड्यात शोधायचं म्हणजे इमारतींच्या मध्ये शोधायचं. शेजारचा प्लॉट अजून मोकळा आहे, त्याच्या कडेला एक पिंपळ आणि दोन करंज. पलीकडे जुन्या गावातल्या एका घराच्या कुंपणावरून आंबा डोकावतो. पिंपळाला तांबूस, हात लावला तर फाटेल अशी पालवी आलेली. करंजाची नवी पानं इतकी चकचकीत, की नातीनं मला विचारलं, "ह्याला तेल कुणी लावलं?" मोहराचा वास होता, त्यात डांबराचा मिसळलेला. वाऱ्याची दिशा बदलली तर कर्नाळ्याच्या डोंगराकडे पांगारा आणि सावर फुलले असतील असं मनात तरी आणता येत होतं. मुलांनी वसंत म्हणून गोळा केलं ते असं : पिंपळाची पानं, बाटलीची झाकणं, कबुतराचं पीस, सेंटरिंगच्या सुताराचा भुसा, टाइलचा निळा तुकडा आणि एक वाकडा खिळा. खिळा मिसनी जप्त केला. ज्याचा तो होता त्याच्या मते वसंत तिथेच संपला.

एवढ्यात टुक-टुक-टुक असा आवाज ऐकू आला. मी हात वर केला. "ऐका! तांबट!" आणि मुलांना रंगवून सांगू लागलो : चिमणीपेक्षा थोडा मोठा हिरवा पक्षी, कपाळावर लाल टिळा, उन्हं तापू लागली की झाडाच्या शेंड्यावर बसून तांब्याची भांडी ठोकल्यागत एकाच ठेक्यात बोलत राहतो. मुलं माना वर करून बघायला लागली. चौथ्या मजल्यावरून टाइल बसवणारा कारागीर हातोडी घेऊन खाली डोकावला. सगळ्या वर्गानं एका आवाजात ओरडून त्याला 'हॅलो तांबट' म्हटलं. त्यानं हात हलवला आणि तो चहा प्यायला गेला. आवाज मात्र चालूच राहिला. टुक-टुक-टुक. नीट पाहिलं तर पिंपळाच्या टोकाला खरोखरच एक तांबट होता. वाळलेल्या फांदीत चोचीनं भोक पाडून तो घरटं करतो असं मी म्हटलं, तर हिरवा मुलगा म्हणाला, "ड्रिल कुठाय त्याचं?"

कोकिळेचं प्रकरण त्याहून नाजूक निघालं. ओरडतो तो नर, म्हणजे कोकीळ, हे मुलांना पटलं. घरटं कुठे, हा प्रश्न आला. आता कोकिळा स्वतः घरटं बांधत नाही, अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते आणि पिल्लं कावळा वाढवतो, हे सत्य मी शक्य तितक्या सौम्य शब्दांत मांडलं. वर्गातली निम्मी मुलं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी. एकीनं गंभीरपणे विचारलं, "कावळ्याला डिपॉझिट देते?"

इकडे आजी केव्हाच जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी पिंपळाचं एक कोवळं पान घेतलं, करंगळीवर गुंडाळलं, एक टोक दातांत दाबून चपटं केलं आणि फुंकर मारली. पीऽऽ! मुलं गोठली. मग दोरी सुटली. पुढच्या पंधरा मिनिटांत त्या मोकळ्या प्लॉटवर पानांच्या इतक्या पिपाण्या वाजल्या, की तिन्ही बाजूंच्या इमारतींच्या खिडक्या उघडल्या आणि एका गृहस्थांनी "शाळा आहे की वरात?" असं विचारलं. काही पिपाण्यांतून आवाज येईना, नुसती थुंकी येई. तीही मुलांना तितकीच आवडली. माझ्या नातीनं पहिलं पान फाडलं, दुसरं फाडलं, तिसरं चाखून बघितलं आणि मग कुठून तरी एक किंचितशी पी निघाली. तेव्हा तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं ट्युलिपकडे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.

या आजी नकळत फार मोठ्या परंपरेत बसल्या होत्या. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. माँटेसोरीबाईंची साधनं उत्तम, पण महाग. म्हणून ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा शंख, शिंपले, बिया, खडे, पानं, माती हीच साधनं केली. बोर्डीचा समुद्रकिनारा हाच त्यांचा स्टेशनरीवाला. तो रात्री शटर पाडत नसे. पुढे १९५७ साली त्या आणि अनुताई वाघ कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणारी पोरं कुरणात, तर कुरणात शाळा. गिजुभाईंना तर गुजरातेत लोक 'मूछाळी मा', मिशीवाली आई, म्हणत. मलाही मिशी आहे. पण मला त्या वर्गात अजून 'ट्युलिपवाले आजोबा' म्हणतात.

सरकारलाही हे आता उमगलं आहे म्हणायचं. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी २०२२ साली राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यात खेळातून शिकण्यावरच भर आहे. २०२३ साली खेळणी-बाहुल्यांचा 'जादुई पिटारा'ही निघाला. आमच्या सेक्टरला मात्र आधी वाकडा खिळाच सापडला.

वर्गात परतल्यावर ठसेकाम. मिसनी हळद आणि बीट कालवून रंग केले होते. पोस्टर कलर नव्हे, ही त्या मुलीची दूरदृष्टी. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल उमटतं. त्यासाठी ट्युलिपचा उभा छेद लागत नाही. पानांचे ठसे झाले, भेंडीचे झाले. एका मुलानं ठसा उमटवून झाल्यावर भेंडी खाल्ली आणि "मीठ नाहीये" असा शेरा मारला. शेवटी तळहातांचे ठसे. आणि सगळ्यांचे तळहात लालपिवळे झाल्यावर मावशींनी येऊन सांगितलं, की नळाला पाणी नाही, टँकर वाटेत आहे.

टँकर वाटेत असण्याचा काळ करंजाड्यात किती लांबू शकतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. तेवढ्या वेळात वीस-बावीस मुलांचे हात जिथे जिथे जाऊ शकतात तिथे गेले. भिंत, दप्तर, एकमेकांचे गाल, खिडकीचा पडदा, मिसची ओढणी आणि माझा पांढरा लेंगा. तो लेंगा दोनदा धुतला, तरी त्यावर गुडघ्याच्या वर पाच बोटं स्पष्ट दिसतात.

टँकरची वाट बघत असताना मिसनी मुलांना कोरे कागद दिले. "तुम्हाला आज जे आवडलं ते काढा." माझ्या मते त्या आठवड्यातला हाच एक खरा तास. वसंताच्या त्या चित्रांत जेसीबी सर्वांत जास्त होते. त्याखालोखाल विमानं. ते स्वाभाविकच. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून उड्डाणं सुरू झाली. तेव्हापासून इथली मुलं काऊ-चिऊआधी विमान दाखवतात. एका विमानाला पंख फुलपाखराचे होते. एका फुलपाखराला चाकं होती. दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य एकानंच काढला होता, आणि त्यातला एक डोंगर सपाट होता. उलव्याची टेकडी विमानतळासाठी कापलेली त्यानं पाहिली असणार, किंवा कागद संपला असेल.

नातीनं माझं चित्र काढलं. एक मोठं वर्तुळ, त्यात दोन डोळे, खाली मिशी, आणि वर्तुळातूनच थेट निघालेले दोन लांब पाय. मी आरेखकाच्या नजरेनं विचारलं, "पोट कुठाय?"

"आतच आहे," तिनं वर्तुळावर बोट ठेवून सांगितलं.

अमेरिकेतल्या रोडा केलॉग नावाच्या बाईंनी जगभरातल्या लहान मुलांची लाखो चित्रं जमवली होती. तीन-चार वर्षांची मुलं कुठल्याही देशातली असोत, माणूस असाच काढतात, डोक्याला पाय. बेडकाच्या पिल्लासारखा. त्याआधी रेघोट्यांचे प्रकारही बाईंनी मोजून वीस नक्की केले होते. घरी मी हे सगळं सांगितलं. सौ.नं चित्र नीट पाहिलं आणि म्हणाली, "शास्त्र राहू दे. चेहरा बरोबर आलाय."

शनिवारी प्रदर्शन झालं. भेंडीचे ठसे आणि जेसीबी फाइलमध्ये गेले. टेबलांवर पांढरी चादर अंथरून ट्युलिप मांडले होते, प्रत्येकापुढे मुलाचं नाव आणि मध्ये पाटी : 'प्लीज डोन्ट टच'. ज्यांनी ते केले अशी शाळेची अधिकृत समजूत होती, ती मुलं टेबलाखाली शिरून पिपाण्या वाजवत होती. माझा ट्युलिप ताठ उभा होता. फाउंडेशन उत्तम होतं. पण शेजारी एक लाल ट्युलिप असा होता, की त्याच्या बुडाशी असलेला दोरा ओढला की सहाही पाकळ्या मिटायच्या, आणि सोडला की उमलायच्या. प्रमुख पाहुण्यांनी तो तीनदा मिटवून-उमलवून बघितला. पहिलं बक्षीस तिथेच ठरलं. मला उत्तेजनार्थ.

दोरावाल्याचे आजोबा भेटले. तळोजाच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. बक्षीस नातवाला मिळालं होतं, पण हार घातल्यागत मान त्यांची ताठ होती. आम्ही कोपऱ्यात चहा घेतला. स्प्रिंग कुठली वापरली ते मी विचारलं. "बॉलपेनची," ते म्हणाले, आणि मग माझ्या उभ्या छेदाबद्दल त्यांनी खोदून खोदून चौकशी केली. दोघांच्याही नातवंडांना पुढच्या वर्षी ज्युनिअर, मग सीनियर. स्टेशनरीवाल्याकडून त्यांनी पुढचं सगळं आधीच काढून ठेवलं होतं.

"सीनियरला सूर्यमाला असते," ते आवाज खाली आणून म्हणाले. "फिरणारी. बेअरिंगं आहेत माझ्याकडे. शनीची कडी तुम्ही काढा."